वाणाची यादी आणि जावेचा गोडा मसाला

पत्र, थोडक्यात: ताई, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी एकत्र होतं. साधारण ८० जणी असतात, आणि यंदा विधवा मैत्रिणींनाही आवर्जून बोलावलंय. ठरलंय असं की बोहरी आळीतून प्लास्टिकचे डबे आणायचे नाहीत. वाण म्हणून बायकांनी लिहिलेली पुस्तकं आणि बायकांच्या छोट्या उद्योगांतल्या वस्तू द्यायच्या, शिवाय आमच्या आवडीची एक यादी छापून प्रत्येकीच्या हातात ठेवायची. माणशी १५० रुपये जमलेत. यादी माझ्याकडे आली आणि मी अडकले. पुस्तकं विचारली की सगळ्या त्याच चार नावांवर येऊन थांबतात. उद्योग विचारले की प्रत्येकीची बहीण नाहीतर भाची पुढे येते. दोघी-तिघी म्हणतात, “बायकांचंच का? चांगलं ते चांगलं.” आणि खरी अडचण माझ्या धाकट्या जावेची. वर्षभरापूर्वी तिने घरी मसाले करून विकायला सुरुवात केली. तिचा गोडा मसाला मला जमलेला वाटत नाही. नाव घातलं तर माझा शब्द खोटा पडतो, नाही घातलं तर घरात अबोला. काय करू?

सप्रेम नमस्कार.

जावेपासूनच सुरू करते, कारण पत्र लिहायला तुम्हाला तिनेच बसवलं असं वाटतं. आज आहे तसा तिचा गोडा मसाला यादीत घालू नका. आणि हे यादी छापायच्या आधी, तुम्ही स्वतः, तिच्या घरी जाऊन सांगा. दिरांच्या कानावर घालून त्यांच्यामार्फत नको, सासूबाईंकडून नको, फोनवर मेसेज टाकून तर मुळीच नको.

पण नुसतं “जमला नाही गं” असं सांगितलंत तर ती दुखावेल आणि तिच्या हाती काहीच लागणार नाही. काय बिनसलंय ते आधी शोधा. पाव किलो मसाला पूर्ण पैसे देऊन विकत घ्या. त्याची आमटी करा, भरली वांगी करा, मसालेभात करा. गोडा मसाला बिघडायच्या जागा ठरलेल्या असतात. खोबरं थोडं जास्त भाजलं गेलं की मागून कडवटपणा येतो. सगळे जिन्नस एकदम कढईत टाकले तर तीळ करपायला लागतात तरी धणे कच्चेच असतात, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. दगडफूल कमी पडलं तर तो गोडा मसाला वाटतच नाही, जास्त झालं तर बाकी सगळ्यावर चढून बसतं. शिवाय तीळ आणि खोबरं दोन्हींत तेल, त्यामुळे एकदम पाच किलो करून महिनोन्‌महिने विकत बसलं तर शेवटची पाकिटं खवट निघतात. तिचा दोष यातल्या कशात आहे हे तुम्हाला सांगता आलं तर ते बोलणं तिच्या उपयोगाचं होईल. पुढच्या खेपेचा मसाला पुन्हा विकत घ्या, पुन्हा करून बघा, पुन्हा सांगा. जमला की यादीत तिचं नाव घाला, यंदा नाही तर पुढच्या वर्षी, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असेल.

आणखी एक करा. खाण्याचा माल विकायचा तर घरगुती उद्योगालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. मसाला कधी केला ती तारीखही पाकिटावर हवी. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही. यातलं तिचं काही राहिलं असेल तर एक दुपार तिच्याशेजारी बसून करून द्या. नात्यातल्या बाईला खरी मदत अशी होते. न आवडलेल्या मसाल्याला “फार छान” म्हणून तिला ८० घरांत पाठवलंत, तर त्यातल्या बऱ्याच जणी तो एकदा आणतील आणि पुन्हा कधीच आणणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या यादीतल्या बाकीच्या नावांवरही त्यांचा विश्वास राहणार नाही. ज्या बाईचं लोणचं खरोखर उत्तम आहे तिला ही शिक्षा का?

आता “बायकांचंच का” हा प्रश्न. विचारणाऱ्यांवर रागावू नका, उत्तर द्या. पहिलं ग्रंथकार संमेलन, म्हणजे आजचं मराठी साहित्य संमेलन, १८७८ साली आपल्या पुण्यातच भरलं. तिथपासून २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत ९८ संमेलनं झाली. अध्यक्ष झालेल्या बायका सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. त्यातली पहिली यायला १९६१ साल उजाडलं. त्याआधी बायका लिहीत नव्हत्या म्हणून असं झालं का? ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चं आहे, आणि ते छापलं गेलं पुण्यात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. लिहिलेलं होतं, पण “वाचायला काय घेऊ?” असं कुणी विचारलं की तोंडावर येणारी नावं दुसऱ्यांची असायची. आजही असतात. तुमच्याच मैत्रिणी चार नावांवर थांबल्या, ते त्यामुळेच. म्हणून मुद्दाम शोधायला जायचं. शोधून सापडलं की मात्र निवड कडक करायची, कारण बाईने केलंय म्हणून गोड मानून घ्या, असं म्हणण्यात तिच्या कामाचा अपमानच आहे.

पुस्तकांकडे येते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

तुमच्या यादीत मी सगळ्यात वर बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ ठेवीन. कारण तुम्ही यादीचे दोन भाग केलेत, पुस्तकं आणि उद्योग, आणि ही बाई दोन्हींत बसते. फलटणला नवरा-बायकोचं छोटं किराणा दुकान होतं. दुकानात पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. पुढे १९८२ साली ते पुण्याहून निघणाऱ्या ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. स्वतःच्या दुःखापेक्षा आपल्या समाजाची, त्यातल्या सासुरवाशिणींची, त्यांच्या भुकेची आणि मग आंबेडकरांच्या शब्दाने उभ्या राहिलेल्या माणसांची गोष्ट त्या सांगतात. पुस्तक लहान आहे, भाषा फलटणच्या बाजूची, वाचायला अवघड नाही. त्यातला जाच मात्र वाचवत नाही, आणि हे यादीत लिहायचं. गल्ल्यावर बसून लिहिणारी बाई डोळ्यांपुढे असली की तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वहिनींकडेही माणूस वेगळ्या नजरेने बघतं.

तिच्या शेजारी उर्मिला पवारांचं ‘आयदान’, २००३ सालचं. त्यात कोकणातली आई बांबूच्या वस्तू विणून संसार ओढते. नवरा गेल्यावर हातातल्या कामावर मुलं शिकवणारी ही बाई वाचली की “घरबसल्या काहीतरी करते” हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघणार नाही.

ज्यांना हसत हसत वाचायचंय त्यांना ‘स्मृतिचित्रे’ द्या. शाळेत एखादा धडा झाला म्हणून पुस्तक वाचलं असं बहुतेकींना वाटत असतं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे सोवळेवेडे वडील, न सांगता घरातून निघून जाणारे यजमान ना. वा. टिळक, त्यांचं १८९५ चं धर्मांतर, त्यानंतरचा ताटातुटीचा काळ: इतकं सोसून ही बाई कडवट होत नाही आणि नवऱ्याला देवही करत नाही. संपूर्ण पुस्तक जाडजूड आहे. ज्यांचा वाचनाचा सराव सुटलाय त्यांना संक्षिप्त आवृत्ती चालेल.

‘स्त्रीपुरुषतुलना’ पातळ आहे, एका बैठकीत वाचून होतं, आणि वाणात द्यायला इतकं चोख पुस्तक दुसरं मिळायचं नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्यावरून तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना धारेवर धरलं, त्यावर बुलढाण्याच्या ताराबाईंनी दिलेलं हे उत्तर. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली होती. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. मोठ्याने वाचली तर रोखठोक भांडण ऐकू येतं. तुम्ही विधवा मैत्रिणींना बोलावलंत याचा मला मनापासून आनंद झाला. त्या बैठकीत या पुस्तकातली दोन पानं कुणीतरी वाचून दाखवावीत, असं फार वाटतं.

चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी आणि घर यांत धावणाऱ्या मैत्रिणींसाठी गौरी देशपांड्यांचं ‘एकेक पान गळावया’. तीन दीर्घकथा आहेत. त्यातल्या बायका काही जणींना पटणार नाहीत, चिडचिडही होईल. होऊ दे, त्यावरून गप्पा तर रंगतील. लहान मुलं असलेल्या घरांत माधुरी पुरंदऱ्यांची ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’ मालिकेतली पुस्तकं. चित्रंही त्यांचीच, आणि घरातली मोठी माणसं त्या पुस्तकांत असतात तशीच आपल्या घरात असतात. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ बहुतेक घरांत आहेच, त्यावर पैसे घालू नका.

एक मासिकही सुचवते. ‘मिळून साऱ्याजणी’ विद्या बाळ यांनी १९८९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातच सुरू केलं. बायकांनी चालवलेलं मासिक म्हणजे वाङ्मयही आणि उद्योगही. पाच-सहा जणींना वाण म्हणून वर्षाची वर्गणी भरून द्या. मासिकं टिकतात ती वर्गणीदारांवर, कौतुकावर टिकत नाहीत.

सिनेमाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक नाव घालाच: दिग्दर्शिका सुमित्रा भावे. पुण्यातच राहून, सुनील सुकथनकरांच्या जोडीने त्यांनी ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत काम केलं. ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. तुमच्या सोसायटीसाठी मात्र मी ‘अस्तु’ निवडीन. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागून चालत निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना आपल्या लेकरासारखं सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी भाव्यांना. घरोघरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका हा सिनेमा एकट्याने बघतात तेव्हा फार रडतात, म्हणून दहा-बारा जणींनी एकत्र बघावा. हॉलमध्ये दाखवायचा तर निर्मात्यांची रीतसर परवानगी घ्या.

आता उद्योग. इथे पुस्तकांपेक्षा जबाबदारी जास्त, कारण पुस्तक वाईट निघालं तर लेखिकेचं काही बिघडत नाही, घरून काम करणाऱ्या बाईचं बिघडतं.

आधी एक नाव काढून टाका: लिज्जत. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं ते काम आज साऱ्या देशाला माहीत आहे. तुमच्या छापील पानावरची जागा अशा बायकांसाठी ठेवा ज्यांचं नाव अजून गल्लीबाहेर गेलेलं नाही.

मग प्रत्येक सुचवलेल्या उद्योगाला एक प्रश्न लावा: भाव कोण ठरवतं आणि पैसे कुणाच्या खात्यात जातात? क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं ते बघा. नवरा डिलिव्हरी करतो, मुलगा फोटो काढतो, यात वावगं काही नाही, उलट चांगलंच आहे. पण राबणार ती आणि पैसा तिच्या हाताला लागणार नाही, असं असेल तर ते नाव मी घालणार नाही.

दुसरं, ज्या बायकांचा इन्स्टाग्रामशी संबंध नाही त्यांना विसरू नका. संक्रांतीची सुगडं मंडईबाहेर मांडून बसणाऱ्या, भोगीच्या भाजीचा हरभरा, पावटा, गाजरं निवडून देणाऱ्या, हळदीकुंकवाला गजरे पुरवणाऱ्या, फॉल-पिको करता करता उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवणाऱ्या, सकाळी सहाला पोळीभाजी केंद्राचा तवा तापवणाऱ्या. त्यांचा धंदा तुमच्या भाचीच्या धंद्याइतकाच धंदा आहे. यादीत त्यांचा ठावठिकाणा द्या: अमुक चौक, अमुक दुकानासमोर, सकाळी इतके ते इतके. डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते, बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची. गावोगावच्या बचत गटांच्या बायका तिथे माल घेऊन येतात. शनिवार-रविवारी गर्दीत बोलणं होत नाही. आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा, चव घ्या, आणि जत्रा संपल्यावरही पुण्यात माल पाठवता का ते विचारून घ्या.

यादीतली नोंद कशी लिहावी, तर “अप्रतिम चव, नक्की घ्या” असली वाक्यं एकही नको. त्याने वाचणारीला काही कळत नाही. असं लिहा: “चकली खुसखुशीत, तिखट जरा चढं. किलोच्या खाली घेत नाहीत. चार दिवस आधी सांगावं लागतं. लाडूंपेक्षा चकलीच घ्यावी. येऊन न्यावं लागतं.” यात एक उणं आहे आणि त्यामुळेच बाकीच्यावर विश्वास बसतो. ज्या बाईची नोंद आहे तिला ती आधी वाचून दाखवा. बहुतेक जणींना नेमकी स्तुती आवडते, आणि उणं खरं असेल तर त्या मान्यही करतात.

फोन नंबर तिला विचारल्याशिवाय छापू नका. माझ्या ओळखीच्या एक बाई कोथरूडला सासूबाईंना हाताशी घेऊन दिवाळीचा फराळ करतात. कुणीतरी प्रेमापोटी त्यांचा नंबर एका भल्यामोठ्या ग्रुपवर टाकला. रात्री साडेअकरापर्यंत फोन. नाही म्हणायला जीव होईना, म्हणून झेपत नव्हतं तेवढं घेतलं. भाजणी घाईत भाजली गेली, चकल्या मऊ पडल्या, आणि वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं नाराज झाली. म्हणून प्रत्येकीला विचारा: आठवड्याला किती झेपतं? फोन कधी केलेला चालतो? हे दोन्ही छापा.

पैशांचं असं करावं, असं मला वाटतं. ८० जणींचे १५० म्हणजे १२,००० रुपये. सगळ्यांना एकच वस्तू द्यायचा हट्ट सोडा. माणशी ८० रुपये तिळाच्या वड्या आणि कापडी पिशवीला ठेवा, ते ६,४०० झाले. वड्या एकीकडून, पिशव्या दुसरीकडून. उरलेल्या ५,६०० मध्ये अप्पा बळवंत चौकातून, किंवा डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तिथून, सवलत धरून पंचवीसच्या आसपास पुस्तकं येतील. पातळ आणि जाड मिळून घ्या. मासिकाच्या वर्गण्याही त्यातूनच भरा, मग पुस्तकं तेवढी कमी येतील. ही पुस्तकं सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवा. हळदीकुंकवाच्या दिवशी ज्यांना हवं त्यांनी एकेक न्यावं, महिन्याने आणून दुसरं न्यावं. आत पहिल्या पानावर पेन्सिलने नाव आणि तारीख. कुणी परत केलं नाही तर घरी जाऊन मागायचं, संकोच करायचा नाही.

वड्यांची ऑर्डर देताना निम्मे पैसे आधी द्या. संक्रांत जवळ आली की तिळाला मागणी वाढते. हातात आगाऊ रक्कम असली तर तिला तीळ-गूळ वेळेवर आणि एकदम घेता येतो, उधारीवर राहावं लागत नाही. भाव तिने सांगितला तो द्या. “घरचंच तर आहे” असं म्हणून दहा रुपये कमी करायला लावू नका. गॅस, तिचे चार तास, तिने उभं राहून कुटलेलं दाण्याचं कूट, यांतलं काही घरचं म्हणून फुकट येत नाही, आणि बऱ्याच जणी स्वतःची मजुरी भावात धरतच नाहीत. धरत नसेल तर ते तिला सांगा, जरी त्याने तुमच्या वड्या महाग झाल्या तरी.

यादी एका पानाची असू द्या, पाठपोट. पुढे पुस्तकं, मागे उद्योग. उद्योग दहाच्या वर नकोत, आणि प्रत्येकाचा माल तुमच्यापैकी निदान दोघींनी पैसे देऊन घेतलेला असावा. त्यातली एक नात्यातली नसलेली. हा नियम बैठकीत आधीच सांगून टाका, म्हणजे बहिणी आणि भाच्या आपोआप मागे सरतील आणि तुम्हाला कुणाला वैयक्तिक नकार द्यावा लागणार नाही. नियम सगळ्यांना सारखा, त्यामुळे जावेशी बोलतानाही तो तुमच्या उपयोगी पडेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्याकडे जाऊन या. खोबरं नीट भाजून तिने नवी खेप केली आणि ती तुम्हाला खरंच आवडली, तर संक्रांतीपर्यंत नियमात बसायला तिला पुरेसा वेळ मिळेल. मात्र ती दुसरी चव बघणारी बाई घराबाहेरची निवडा.